सात नव्हे, एक : बोटीसाठी जुने इंजिन घेताना आमची झालेली फसवणूक

गेल्या महिन्यात भंडाऱ्याहून एका अनोळखी गृहस्थांचा मला फोन आला. गोसीखुर्दच्या जलाशयात चालवण्यासाठी त्यांना एका जुन्या पॉवरबोटीत इंजिन बसवायचे होते आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पाठवलेली इंजिनाची छायाचित्रे त्यांनी मला पाहायला पाठवली. तोच चकचकीत काळा रंग, व्हॉल्व्ह कव्हरवर तीच ‘५.७ लिटर’ची चिकटपट्टी आणि ‘नुकतेच रीबिल्ड केलेले’, म्हणजे उघडून नव्याने बांधलेले, हे तेच शब्द. दोन वर्षांपूर्वी याच शब्दांवर विश्वास ठेवून मी आणि माझे थोरले बंधू तीन लाख चाळीस हजार रुपये घालवून बसलो होतो. त्या गृहस्थांना मी फोनवर जे सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर पर्यटकांना फिरवण्याचा व्यवसाय करावा, या विचाराने आम्ही एकोणीस फुटी फायबरची एक जुनी स्टर्नड्राइव्ह बोट, म्हणजे इंजिन आत आणि प्रॉपेलरचा भाग मागे बाहेर असलेली, घेतली होती. बोटीचा सांगाडा उत्तम होता, पण इंजिन गेलेले होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा रायझर, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाण्याने थंड होणारा उभा भाग, आतून गंजून पाणी सिलिंडरमध्ये उतरले होते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे एक कनेक्टिंग रॉड वाकला होता. पूर्वी खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनांचा शेवट बहुधा असाच होतो. नवे मरीन, म्हणजे बोटीसाठी बनवलेले, इंजिन आमच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून जुने पण चांगले बांधलेले ‘शेवरोले स्मॉल ब्लॉक’ या घराण्याचे इंजिन शोधायचे ठरले, कारण मूळ इंजिनही त्याच घराण्यातले होते.

या इंजिनात फसवणूक इतकी सोपी का आहे, हे त्याच्या इतिहासावरून समजते. १९५५ साली २६५ घनइंचाचा हा व्ही-आठ ब्लॉक पहिल्यांदा गाड्यांत आला, त्यानंतर २८३, ३२७ आणि १९६७ मध्ये ३५० घनइंच अशी त्याची क्षमता वाढत गेली, तरी दोन सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर ४.४ इंच हेच राहिले आणि बाहेरचा आकारही जवळपास तोच राहिला. १९७६ मध्ये आलेले ३०५ घनइंचाचे इंजिन बाहेरून ३५० सारखेच दिसते. हेड, इनटेक मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह कव्हर, सगळे एकमेकांवर बसते. बोटींमध्ये ३५० म्हणजे ५.७ लिटर आणि ३०५ म्हणजे ५ लिटर. दोन्हींच्या क्रँकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास, ३.४८ इंच, म्हणजे साधारण ८८.४ मिलिमीटर, अगदी सारखा आहे. फरक फक्त बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात आहे : ३५० चा ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर, आणि ३०५ चा ३.७३६ इंच, म्हणजे सुमारे ९४.९ मिलिमीटर. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, न उघडता बोअर मोजता येत नाही, आणि आम्हाला इंजिन विकणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याचा सगळा खेळ याच एका गोष्टीवर उभा होता.

आम्ही आंधळेपणाने गेलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. दादा आणि मी स्वतः मुंबईला गेलो. व्यापाऱ्याने आदराने बसवले, चहा दिला आणि स्वतःहून म्हणाला, “माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्हीच मोजून घ्या.” त्याने स्पार्क प्लग काढून भोकातून एक तार आत सोडली, क्रँक हाताने फिरवला आणि पिस्टनचा प्रवास आमच्याकडूनच मोजून घेतला. ८८ मिलिमीटरच्या थोडे वर आले. ‘पाहा, ३५० चा स्ट्रोक’, असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते, कारण ३०५ चा स्ट्रोकही तोच असतो. जे मोजून काहीच सिद्ध होत नाही, तेच त्याने मोजायला दिले, आणि स्वतःच्या हाताने मोजल्यामुळे आमची शंका फिटली.

त्यानंतर आम्ही ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर, म्हणजे ओतकामातच उमटलेला आकडा, मागितला. हा आकडा ब्लॉकच्या मागच्या टोकाला, बेलहाउसिंग, म्हणजे फ्लायव्हीलवरचे आवरण, जिथे बोल्टने बसते त्या कडेवर, गाडीच्या ड्रायव्हरच्या म्हणजे डाव्या बाजूला उठावाच्या अक्षरांत ओतलेला असतो. कोपरा अंधारा होता, रंग जाड होता. टॉर्चच्या उजेडात आम्ही १४०१०२०७ असे वाचले, घरून आणलेल्या यादीशी ताडून पाहिले, आणि तो ३५० चाच नंबर निघाला. पुढच्या बाजूला उजव्या हेडच्या समोर असलेल्या सपाट जागेवर कारखान्याचा ठोकलेला शिक्का मात्र नव्हता. ‘ब्लॉकचा माथा मशिनवर घासला, त्यात शिक्का गेला,’ हे त्याचे उत्तर आम्ही मानले, कारण तसे खरोखर होते. आज वाटते, तेवढ्या एका गोष्टीवर तरी थांबायला हवे होते.

इंजिन नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात उतरले, टेम्पोने हिंगण्याला आणले आणि बोटीत बसवले. खिंडसीवर पहिल्या चाचणीत पूर्ण थ्रॉटल देऊनही ते मिनिटाला ३,७०० फेऱ्यांच्या पुढे जाईना, जे मूळ प्रॉपेलरवर ४,२०० ते ४,६०० पर्यंत जायला हवे होते. आधी आम्ही वजनाला दोष दिला, मग प्रॉपेलरला, मग कार्बोरेटरच्या सेटिंगला. आठवडाभराने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासले, तेव्हा दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फारच खाली आले, आणि हिंगणा एमआयडीसीतल्या ज्या मिस्त्रींवर माझा पंधरा वर्षांपासून विश्वास आहे, त्यांच्याकडे हेड उघडले.

त्यांनी डायल बोअर गेज लावले, पुसले, पुन्हा लावले. ९४.९. ओव्हरसाइज पिस्टन सोडाच, झिजलेले सिलिंडर मोठे करून घेण्याचे काम, म्हणजे बोअरिंग, झालेलेच नव्हते. सिलिंडरच्या वरच्या काठाला रिंगच्या घासण्याने पडलेली पायरी इतकी स्पष्ट होती की नख तिला अडकत होते. नवे काय होते, तर बाहेरून दिसणारी गॅस्केटे आणि रंग. मग मिस्त्री मागे गेले, कास्टिंग नंबरावर रॉकेल लावून तारेचा ब्रश फिरवला, खडू घासला, आणि चाकूचे टोक शेवटच्या आकड्याच्या माथ्यावर ठेवून हलकेच दाबले. एम-सीलसारख्या कालवून लावायच्या मसाल्याची पट्टी टचकन उडाली. “भाऊ, हा सात नव्हे, एक आहे,” ते म्हणाले. १४०१०२०१ हा ३०५ चा नंबर आहे. दोन ब्लॉकांचे नंबर शेवटच्या एका आकड्याने वेगळे, आणि इंग्रजी आकड्यांतल्या एकाचा सात करायला वरची एक आडवी रेघ पुरते. ती रेघ कोणीतरी वेळ देऊन, निगुतीने बसवली होती. तेव्हा मला पैशांपेक्षा त्या निगुतीचेच जास्त वाईट वाटले.

याहून गंभीर गोष्ट त्यानंतर उघड झाली, आणि खरे सांगायचे तर हा लेख लिहिण्याचे कारण तीच आहे. हे इंजिन बोटीचे नव्हतेच. मोटारीच्या इंजिनाला मरीन मॅनिफोल्ड लावून ते विकले होते. मोटारीत बॉनेटखालून वारा वाहतो, बोटीत तसे होत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळात, बिल्जमध्ये साचते. म्हणून मरीन स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांची ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचणार नाही, अशी त्यांची बांधणी असते, आणि अशा भागांवर बहुधा एसएई जे ११७१ या मानकाचा उल्लेख सापडतो. मरीन पेट्रोल पंपाला दुहेरी पडदा असतो आणि पहिला पडदा फाटला तर गळती दाखवणारी पारदर्शक नळी कार्बोरेटरकडे जाते. मरीन कार्बोरेटरच्या वाफ सोडणाऱ्या नळ्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात, आणि त्यावर मोटारीच्या एअर क्लीनरऐवजी ज्वाला अडवणारी जाळी असते. आमच्या इंजिनाला स्टार्टर मोटारीचा, पंप मोटारीचा, आणि ब्लॉकचे कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या जाकिटाची भोके बंद करणाऱ्या वाट्या, पितळेऐवजी लोखंडाचे, त्यातला एक आतापासूनच पाझरत होता. या बोटीत आठ दिवसांनी माणसे बसणार होती, त्यांत लहान मुले असणार होती. तळ्याच्या मध्यावर स्टार्टरची चावी फिरवण्याचा तो क्षण आठवला की आजही छातीत धस्स होते.

भंडाऱ्याच्या गृहस्थांना मी इतकेच सांगितले की नंबर रंगावरून वाचू नका. व्यापाऱ्यासमोर रॉकेल, तारेचा ब्रश आणि खडू वापरून स्वतः घासा, आणि तो घासू देत नसेल तर उठून या. ‘रीबिल्ड’ म्हणत असेल तर एका बाजूचे हेड तुमच्यासमोर उघडायला सांगा, गॅस्केटचा खर्च तुम्ही द्या, आणि बोअर मोजा. एका कोअर प्लगच्या भोकातून तार घालून पाण्याच्या जाकिटात खरवडा. गंजाचे पापुद्रे मूठभर निघाले, तर ते इंजिन खारे पाणी प्यायलेले आहे. थंड प्रदेशातून आलेले असेल, तर गोठलेल्या पाण्याने फुटलेला ब्लॉक सांधून रंगवला आहे का, हे बाहेरच्या भिंतींवर बारकाईने पाहा. १९८६ पासून मागचे ऑइल सील एकसंध झाले आणि क्रँकची मागची चकतीही बदलली, त्यामुळे जुन्या बोटीचा फ्लायव्हील नव्या क्रँकवर बसत नाही, हेही विचारून घ्या.

आणि बिल वाचा. आमच्या बिलावर ‘वापरलेले इंजिन, एक नग’ एवढेच होते. ५.७ लिटर हे शब्द नव्हते, नंबर नव्हता, मरीन हा शब्दही नव्हता. वकिलांनी सांगितले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते, पण व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच वस्तू घेतली, हे सिद्ध करता आले तरच तो दरवाजा उघडतो. आम्ही दोघे भाऊ स्वतः बोट चालवणार होतो, म्हणून मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधी तक्रार दाखल केली. बिलाने साथ दिली नाही, पण तक्रारीला जोडायला आमच्याकडे तीन गोष्टी होत्या : व्यापाऱ्याने मोबाइलवर पाठवलेले ‘३५०, ५.७, मरीन’ हे शब्द, खडूने उजळलेल्या आकड्याचे छायाचित्र, आणि मिस्त्रींनी एका छोट्या डबीत जपून ठेवलेली ती मसाल्याची पट्टी.