आखूड फिशिंग जॅकेट: नदीत पैसा वसूल, बोटीत नुसता ताप

फ्लाय फिशिंगवाल्यांची (म्हणजे पिसं-दोऱ्याचा नकली किडा, 'फ्लाय', लावून मासे धरणाऱ्यांची) जी कमरेपर्यंतची आखूड वॉटरप्रूफ जॅकेटं मिळतात त्यातलं एक सप्टेंबरच्या शेवटी नॉर्थ वेल्समधल्या क्लबच्या वीकेंड स्पर्धेत घातलं. शनिवारी नदी, रविवारी बोट, आणि दोन्ही दिवस पाऊस असला की स्पर्धा रद्द का करत नाहीत हेच कळेना. कापड तीन लेअरचं, किंमत तीनशे पाउंडाच्या आतबाहेर. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण ह्याच कटची जॅकेटं बऱ्याच कंपन्या काढतात आणि माझी मुख्य तक्रार कटबद्दलच आहे (खिशाच्या चेनची तक्रार मात्र त्यांचीच, ती पुढे येईल).

घाई असेल त्यांच्यासाठी रेटिंग: नदीला 5 पैकी साडेचार, बोटीला दोन, तेही बाहीच्या कफसाठी.

दुकानात गेलं की सेल्समन पहिल्यांदा कापडाचा आकडा सांगतो, 20,000 मिलिमीटर वगैरे, म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचं पाणी उभं केलं तरी ते झिरपत नाही. चांगलंच आहे, पण खरं सांगू का, ह्या किमतीच्या जॅकेटमध्ये पाऊस कापडातून येतच नाही, तो येतो बाहीतून. ह्या खेळात हात सतत वर असतो. नदीत निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) लावून मासेमारी करताना दहा फुटी रॉड खांद्याच्या उंचीला धरून उभं राहायचं, ओली लाइन बोटांतून आत ओढायची, मासा लागला की वाकून मनगटापर्यंत हात पाण्यात घालायचा, फूटपट्टीवर मोजून लगेच सोडायचा आणि परत हात वर. वर केला की मनगटावरचं पाणी कोपरात, कोपरातून काखेत. तीन तासांच्या सेशनमध्ये हे किती वेळा होतं ते सोडाच. त्यामुळे मी जॅकेट फक्त कफ बघून घेतो, आणि इथे कफ अप्रतिम आहे, आत निओप्रीनची घट्ट पट्टी आणि वरून वेल्क्रो. शनिवारी संध्याकाळी आतल्या फ्लीसची बाही जेमतेम दोन बोटं ओली होती बस.

आमच्या कोकणात वाढलेल्या माणसाला हे जरा लाडाचं वाटेल. रत्नागिरीला जुलैत भिजलो तर भिजलो, घरी जाऊन डोकं पुसायचं आणि चहा प्यायचा. इथे वाऱ्यासकट नऊ-दहा डिग्रीत भिजलं की अर्ध्या तासात बोटं ऐकेनाशी होतात, आणि 0.12 मिलिमीटरच्या दोऱ्याला गाठ मारता येईना झालं की स्पर्धा तिथेच संपली, मासा लागो न लागो.

नदी म्हणजे डी, कॉर्वेनच्या खालचा पट्टा. वर बाला गावाजवळच्या तलावातून आणि दोन धरणांतून पाणी सोडून डीचा प्रवाह सांभाळतात हे खरं, पण कॉर्वेनजवळ आल्वेन येऊन मिळते आणि जोरदार पाऊस असला की अशा उपनद्या कोणाचं ऐकत नाहीत. सकाळी गुडघ्याला असलेलं पाणी दुपारी मांडीला आलं, रंगही गढूळ. अशा वेळी मासा मधल्या धारेत थांबत नाही, काठाच्या संथ पाण्यात येतो, मग टंगस्टनचा जड मणी लावलेली फ्लाय घ्यायची आणि पायाजवळच टाकायची, लांब फेकण्यात काही अर्थ नाही. ग्रेलिंग नावाच्या माशाला गुलाबी शेपटीची फ्लाय चालते म्हणतात, चाललीही.

इथे आखूड जॅकेटचा खरा फायदा. छातीपर्यंतचे वेडर्स (बुटासकट वॉटरप्रूफ पँट) घालून पाण्यात उतरलं आणि वर लांब रेनकोट असला की त्याचा घेर पाण्यात तरंगतो, धार तो ओढते, खिशात पाणी भरतं, आणि गुळगुळीत दगडांवर आधीच पाय ठरत नाही. आखूड जॅकेट दोरी आवळून कमरेवर बसवलं की जरा खोल गेलं तरी अडचण नाही. खिसे छातीवर उंच आहेत, पाठीला जाळी अडकवायला रिंग आहे, हूड मान वळवली की मानेबरोबर वळतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण लाइनच्या टोकाच्या रंगीत तुकड्यावर नजर लावून उभं राहायचं आणि हूड डोळ्यावर येत राहिला की डोकं फिरतं. आत कॅप घातली की एकदम फिट. तक्रार एवढीच की हूडवर पाऊस इतका वाजतो की मोजणाऱ्या कंट्रोलरला काहीही सांगायचं तर ओरडावं लागत होतं, आणि वेल्श उच्चार आधीच मला निम्मे समजत नाहीत.

आता रविवार. लिन ब्रेनिग. समुद्रसपाटीपासून सुमारे 370 मीटरवरचा उघडा माळ, सगळीकडे हेदरची खुरटी झुडपं, पवनचक्क्या, आणि पवनचक्क्या का लावल्या असतील ते बोटीत बसल्यावर लगेच कळतं. हे धरण 1976 चं, डीला पाणी पुरवायलाच बांधलेलं, म्हणजे आदल्या दिवशी ज्या नदीत उभे होतो तिचाच साठा. बोटीत दोन स्पर्धक, मागे पाण्यात ड्रोग (पॅराशूटसारखं कापड) सोडायचा म्हणजे बोट आडवी राहून हळू वाहते, आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे फ्लाय टाकत जायचं. खरं तर लाटा असल्या की रेनबो ट्राउट वर येऊन बिनधास्त घेतो, सपाट पाण्यात उन्हाच्या दिवशी जेवढा लाजतो तेवढा लाजत नाही, म्हणून जुने लोक अशा हवेवर खूश असतात. मला डियाउल बाख फ्लायवर सकाळीच दोन मिळाले, पार्टनरला बरेच जास्त, तो विषय सोडू.

जॅकेटचं मात्र बसल्या बसल्या हसं झालं. बोटीत छातीपर्यंतचे वेडर्स बऱ्याच ठिकाणी चालतच नाहीत, पडलात तर पोहणं मुश्कील होतं म्हणून, त्यामुळे खाली साधी वॉटरप्रूफ पँट. आखूड जॅकेट बसल्यावर अजून वर सरकतं, पाठीवरून वाहणारं पाणी थेट सीटवर आणि सीटवरून पँटच्या इलॅस्टिकमधून आत. पुढून मांडीवर डबकं. आमच्याकडे भातलावणीला इरलं असतं ना, वाकून काम करणाऱ्याच्या पाठीसाठी केलेलं, दोन्ही हात मोकळे, त्या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण तेच घालून एसटीत बसलात तर शेजारचाही भिजेल, तसंच झालं.

वरून लाइफ जॅकेट. ते बोटीत सक्तीचं, आणि ते रेनवेअरच्या वरूनच घालायचं, आत घातलं आणि फुगलं तर छाती आवळली जाते. म्हणजे शनिवारी ज्या छातीवरच्या खिशांचं कौतुक केलं ते सगळे खिसे लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांखाली गाडले गेले. फ्लायचा डबा काढायला दरवेळी बकल सोडायचं? मग डबा बोटीच्या तळात, पाण्यात. लाइफ जॅकेटची कॉलर मानेभोवती असल्यामुळे हूडही नीट मागे पडत नाही, वाऱ्याने मधेच पालथा होऊन त्यात पाणी साठतं आणि पुढच्या वेळी डोक्यावर घेतला की मग काय विचारता.

खिशाची चेन: जाहिरातीत वॉटरप्रूफ खिसे लिहिलंय पण चेन नुसती रबरचा लेप दिलेली साधी चेन आहे, सरींना ठीक, दिवसभराच्या पावसाला नाही. शनिवारी रात्री डबा उघडला तर फोम ओला. फ्लाय रात्रीच बाहेर काढून वाळवल्या नाहीत तर हूक गंजतात. तीनशे पाउंडात एवढं तरी नीट द्यायला हवं होतं राव. मोबाइल झिपलॉक पिशवीत ठेवा, खिशावर विसंबू नका.

अजून एक, कारण दुकानांच्या साइटवर बरेच जण एक स्टार देऊन "गळतं" असं लिहून जातात. रविवारी दुपारी माझे खांदे गडद आणि जड झाले, आत चिकचिक वाटायला लागलं. ते गळणं नव्हतं. बाहेरच्या कापडावर पाणी घरंगळावं म्हणून जो लेप असतो तो मळाने, हाताच्या तेलाने, माशाच्या चिकटपणाने मार खातो, मग कापड पाणी पितं, आतला पडदा पाणी अडवतच असतो पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकत नाही आणि तीच आत थंड होऊन पाणी होते. आता बरेच लेप फ्लोरिनशिवायचे असतात, ते तेलाला आणि मळाला जुन्यांपेक्षा लवकर बळी पडतात, म्हणून जास्त वेळा धुवायला लागतात. धुताना साधी डिटर्जंट पावडर नको, सॉफ्टनर तर अजिबात नको, टेक्निकल कपड्यांचा लिक्विड साबण घ्या आणि लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये कमी गरमीवर फिरवा, गरमीने लेप परत जागेवर येतो. मी घरी आल्यावर तेच केलं आणि पाणी परत घरंगळायला लागलं.

नदीसाठी घेणार असाल तर डोळे झाकून घ्या. बोटीतच जास्त जाणार असाल तर गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत येणारं लांब जॅकेट आणि खांद्याला पट्टे असलेली बिब पँट घ्या, पाठ-कमरेचा प्रश्नच मिटतो, आणि खिसे लाइफ जॅकेटच्या खाली कंबरेला येतात. दोन्ही करणाऱ्यांनी दोन्ही घ्यावीत असं म्हणालो तर बायको हा रिव्ह्यू वाचेल, त्यामुळे आखूड नवीन आणि लांब सेकंडहँड, असा माझा हिशोब आहे.

साइज नेहमीपेक्षा एक मोठी मागवा. मला मीडियम होतं पण आत दोन फ्लीस घातल्यावर रॉड वर करताना काखेत ओढतं आणि कफ मनगटावरून सरकतो, लार्जमध्ये तो त्रास नाही.