वेंगुर्ल्यात जुना व्हॉल्व्ह अँप दुरुस्तीला दिला, त्याचा अभिप्राय

व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेले कारागीर कोकणपट्टीत आता थोडेच उरले आहेत आणि त्यांपैकी गिटारचा अँप (अँप्लिफायर) उघडायला तयार होणारे तर फारच विरळ. वेंगुर्ल्याच्या बाजारातील अशा एका दुकानात मी सत्तरच्या दशकातील फेंडर चॅम्प हा छोटा गिटार-अँप सुधारणेसाठी दिला होता. काम उत्तम झाले, मात्र मी सांगितले होते ते झाले नाही, आणि ते न झाल्याबद्दलच या दुकानाला माझे अधिक गुण आहेत.

चॅम्पमध्ये गिटारचा क्षीण आवाज वाढवणारा १२एएक्स७ व्हॉल्व्ह, स्पीकरला ताकद देणारा एक ६व्ही६ व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर आणि एसीचे डीसी करणारा ५वाय३ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, एवढाच संसार असतो. ५वाय३ काढून तिथे जीझेड३४ हा दुसरा रेक्टिफायर व्हॉल्व्ह किंवा सरळ डायोड बसवावेत, म्हणजे आवाज खुलेल, अशी माझी मागणी होती. त्यावर मालकांनी मीटर लावून दाखवले की ६व्ही६ मुळातच आपल्या मर्यादेच्या जवळ चालतो आहे. पूर्ण भारावर ५वाय३ स्वतःच सुमारे ६० व्होल्ट खातो, तर जीझेड३४ त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे अदलाबदल केल्यास वाढलेला सगळा दाब त्या एकट्या ६व्ही६वर पडणार. मग निदान जास्त व्होल्ट खाणारा रेक्टिफायर घालून ‘सॅग’ तरी वाढवा, असे मी म्हणताच उत्तर आले, ‘‘ह्या अँपात सॅग गावाचो नाय. तुमी उगाच पैशे कित्याक घालवतास?’’

ते खरेच आहे. तार जोरात छेडल्यावर व्होल्टेज बसते आणि आवाज दबून पुन्हा वर येतो, हा प्रकार मुख्यतः दोन किंवा चार व्हॉल्व्हच्या पुश-पुल (व्हॉल्व्ह आळीपाळीने काम वाटून घेतात अशा) अँपमध्ये घडतो, कारण तिथे वाजवताना विजेची मागणी एकदम वाढते. चॅम्पचा एकटा ६व्ही६ क्लास ए पद्धतीने चालतो, म्हणजे वाजवा वा न वाजवा, जवळपास तेवढाच प्रवाह घेतो.

प्रत्यक्षात केलेल्या सुधारणा लहान, पण नेमक्या आहेत. चासीला (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला) हात लावण्यापूर्वी त्यांनी रेझिस्टरमधून कंडेन्सर रिकामे केले आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच काम सुरू केले. खाऱ्या हवेने हिरवट झालेल्या सॉकेटच्या पिना घासून घट्ट केल्या. डीसी सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर सगळे नवे घातले, पण पहिला ४७ मायक्रोफॅरडचा घालण्याची माझी सूचना फेटाळून २२चाच बसवला, कारण त्याहून मोठा कंडेन्सर ५वाय३ला झेपत नाही. रेक्टिफायरच्या दोन्ही प्लेटच्या वाटेत १एन४००७ डायोडची जोडी सिरीजमध्ये टाकली आहे; त्यामुळे व्हॉल्व्हचा स्वभाव तसाच राहतो आणि तो उद्या आतून शॉर्ट झालाच, तर ट्रान्स्फॉर्मर जळण्याचा धोका टळतो. घरातील वीज अँपसाठी खाली उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर १२० ऐवजी ११० व्होल्टचा घ्या, हा सल्लाही मोलाचा ठरला. ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्स्फॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, आणि ११०वर व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरला ६.३ ऐवजी ५.९ व्होल्ट मिळाले तरी व्हॉल्व्हचे काही अडत नाही.

घुमणारा हम गेला, खर्जाच्या तारा पूर्वीपेक्षा ठाम वाजू लागल्या, आणि बाकी आवाज होता तसाच राहिला.

वेळेच्या बाबतीत मात्र या दुकानावर विसंबू नये. चतुर्थीपूर्वी देण्याचे कबूल केलेले काम नवरात्रात हाती आले. सुटे भाग मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून यायचे होते हे मान्य, पण एक फोन करायला काय हरकत होती? मजुरी रास्त आहे, सुट्या भागांचाच खर्च तिच्याहून जास्त झाला. पावतीवर फक्त ‘अँप दुरुस्ती’ एवढेच लिहितात, त्यामुळे मोजलेली व्होल्टेज आणि बदललेल्या भागांची यादी आपणच मागून लिहून घ्यावी. ५वाय३ ते दुकानात ठेवत नाहीत, तेव्हा जादा व्हॉल्व्ह स्वतः आणून द्यावा आणि तो बसवून पुन्हा मोजायला सांगावे, कारण हल्ली बनणारे काही ५वाय३ जुन्यांपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज पुढे सोडतात.