पाण्यातला व्यायाम: पावसाळ्यानंतर सुरू केला, आत्तापर्यंतचा अनुभव (वय ६८, बडोदा)

दांडिया बाजारातल्या मैत्रिणी सारख्या विचारतात म्हणून सविस्तरच लिहिते. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले, हाड वाचलं पण तेव्हापासून जिन्याचा कठडा सोडायची हिंमतच होईना. फिजिओनं पाण्यातला व्यायाम सांगितला. पोहता येत नाही म्हटलं तर म्हणाली पोहायचंच नाहीये, छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहायचंय.

तेवढ्या पाण्यात पायांवर वजन जेमतेम तिसरा हिस्सा येतं, त्यामुळे गुडघे दुखत असले तरी उलटं चालणं, आडवं चालणं, चवड्यांवर, एका पायावर उभं राहणं सगळं जमतं. पण मला खरं पटलं ते वेगळंच. बाकीच्या बायका बाजूनं गेल्या की पाणी ढवळतं, आपल्याला ढकलतं, तोल जातो, पण पाण्यात माणूस सावकाश कलतो ना, तेवढ्या वेळात पाऊल टाकून सावरता येतं. जमिनीवर ही प्रॅक्टिस कोण करणार, तिथे तोल गेला की पडलोच! आमची कोच सारखी ओरडायची, 'मासी, हाथ छोडो!' दिवाळीच्या सुमारास काठाला धरलेला हात सुटला एकदाचा. परवा कमाटीबागेत कुत्रं आडवं आलं तर पाय आपोआप पुढे पडला, इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण फक्त यावर विसंबू नका हं. पाणी वजन उचलून धरतं म्हणजे हाडांवर भार कमी, आणि पाळी गेल्यावर ठिसूळ होत जाणाऱ्या हाडांना तो लागतोच. म्हणून घरी ओट्याला धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं चालूच आहे. तपासायचं असेल तर खुर्चीतून उठा, ३ मीटर चालून परत या, बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांशी बोला.

धोका पाण्यापेक्षा काठावर जास्त. आधी एका स्विमिंग पूलवर गेले होते तिथे नुसती उभी शिडी आणि फरशीवर शेवाळ, सोडून दिला. रुंद पायऱ्या आणि रेलिंग असलेलाच बघा, रबरी शूज घ्या. बाहेर येताना शेवटच्या पायरीवर जरा थांबा, बीपीच्या गोळ्या असतील तर चक्कर येऊ शकते. थंडीत गरम पाण्याचा पूल नसेल तर अंग आखडतं, मी जानेवारीत बंदच ठेवलं.

कॉस्च्युमची लाज वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा मिळतो. सलवार-कुर्ता नको, भिजून पायात अडकतो.