मंगळ की ज्येष्ठा?

मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास मिरामारच्या वाळूत उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, की वृश्चिकाच्या अंगात तांबूस ज्येष्ठा दिसते. मंगळही तसाच तांबूस, आणि अधूनमधून तिच्या जवळूनच जातो. तेव्हा ओळखायचं कसं?

ज्येष्ठा लुकलुकते. ती सुमारे ५५० प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणून सूर्याच्या कैकशे पट रुंद असूनही आपल्याला निव्वळ बिंदू दिसते, आणि हवेच्या हालचालीने त्या एका किरणाचा तोल सारखा जातो. मंगळ जवळचा, त्याची इवलीशी तबकडी असते. तिच्या कडाकडांचे किरण एकमेकांना सावरतात, म्हणून उजेड शांत राहतो.

पण किनाऱ्यावरच्या दमट, धुरकट क्षितिजालगत ग्रहही थरथरतो. वर येईपर्यंत थांबाच.

माझा भरवसा मात्र जागेवर. ज्येष्ठेच्या दोन्ही बाजूंना एकेक फिकट तारा आहे. ती तीन टिंबं वहीत काढा, मंगळही मांडा. आठवड्याने पाहा: तिघं जिथल्या तिथे, मंगळ सहसा हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा सरकलेला. वर्षभरात त्याचं तेजही खूप कमीजास्त होतं. ज्येष्ठेचं फारसं नाही.