नव्हारो व्हिनयार्ड्स: बुटक्या मेंढ्या, समुद्राचं धुकं आणि न चढणारा द्राक्षरस

कॅलिफोर्नियात वाइनरी बघायची म्हटली की पाहुण्यांना घेऊन सगळे नापाला पळतात. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने अडीच-तीन तास उत्तरेला, मेंडोसिनो काउंटीतल्या अँडरसन व्हॅलीत फायलो नावाचं टिकलीएवढं गाव आहे. नव्हारो व्हिनयार्ड्स ही वाइनरी तिथली. टेड बेनेट आणि डेबोरा कान या जोडप्याने 1973 मध्ये इथली मेंढपाळीची जुनी जमीन घेतली. टेड त्याआधी पॅसिफिक स्टिरिओ या दुकानांच्या साखळीचे मालक. स्पीकर विकणारा माणूस द्राक्षात उतरला आणि लावली कुठली जात, तर गेव्हुर्त्स्ट्रामिनर, जिचं नाव गिऱ्हाइकाला धड उच्चारताही येत नाही! पुढची पिढीही आता याच धंद्यात आहे. सुमारे 900 एकरांपैकी द्राक्ष जेमतेम 90 एकरांच्या आसपास, बाकी रान आणि कुरण.

द्राक्षाची ही जात इथेच का, याचं उत्तर धुक्यात आहे. खोऱ्याचं तोंड वायव्येला, पॅसिफिककडे. संध्याकाळी नव्हारो नदीच्या पात्रातून गार हवा आत शिरते. उन्हाळ्यात दुपारी 30 अंशांच्या घरात असलेला पारा रात्री 10 च्या आसपास येतो. गेव्हुर्त्समध्ये साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. उष्ण जागी मण्याला वास येईपर्यंत आम्ल संपलेलं असतं आणि वाइन सरबतासारखी मिळमिळीत होते. इथे गार रात्री ते आम्ल धरून ठेवतात. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात.

बागेत बघण्यासारख्या म्हणजे बेबीडॉल साउथडाउन मेंढ्या. खांद्यापाशी उंची दोन फुटांच्या आतबाहेर, दाट लोकर आणि ओठांवर कायमचं हसू. फोटो सगळेच काढतात, पण त्या शोभेला ठेवलेल्या नाहीत. साधी मेंढी कोंब फुटायच्या आत बागेबाहेर काढावी लागते, नाहीतर ती नवी फूट आणि पुढे घडही फस्त करते. या जातीचं तोंड वरच्या तारेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती जास्त दिवस आत राहू शकते. वेलाखालचं तण खाते, खोडावरचे नको असलेले फुटवे ओरबाडते, लेंडीखत जागच्या जागी पडतं आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचतात. अट एकच: ओलांडा, म्हणजे वेलाची तारेवरची आडवी फांदी, मेंढीच्या मानेपेक्षा उंच हवा. इथे शेळी चालणार नाही, ती मागच्या पायांवर उभी राहून बाग साफ करेल.

हे बघून नाशिकचा बागायतदार उत्साहाने मेंढ्या आणायला निघाला, तर त्याला आधी मोरचुदाची, म्हणजे त्यातल्या तांब्याची, आठवण करून द्यावी. मेंढीला तांबं सोसत नाही. थोडं थोडं पोटात गेलं तरी ते यकृतात साठतं आणि एक दिवस जनावर पटकन जातं. आपल्याकडे डावणी या बुरशीरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारायचं आणि त्याच पानांखाली मेंढ्या सोडायच्या, हे जमणारं नाही. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा, त्यामुळे डावणीचा त्रास जवळपास नाही. भांडण मुख्यतः भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाशी, आणि ती गंधकाने आवरते.

आता बाटलीकडे. ड्राय गेव्हुर्त्स्ट्रामिनर हीच इथली खरी खरेदी. वास गुलकंदाचा आणि लिचीचा. तो भास नाही, रोझ ऑक्साइड हे द्रव्य गुलाबात, लिचीत आणि या द्राक्षातही असतं. नाकाला गोड वाटते, जिभेवर मात्र कोरडी, शेवटी सालीचा किंचित कडूपणा. इथेच लोक फसतात: गोड समजून मागवतात आणि तोंड वाकडं करतात. दुसरी चूक फ्रीजची. 4 अंशांवर वास मिटून जातो. बाटली बाहेर काढून 20-30 मिनिटं थांबा, 10-12 अंशांवर प्या. नारळाच्या रसातल्या कोळंबीबरोबर छान जाते. कोकम किंवा चिंच घातलेल्या कालवणाबरोबर नको, त्या आंबटापुढे वाइन पाण्यासारखी लागते. झणझणीत रश्श्याबरोबर तर मुळीच नको, अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं.

इथली पिनो न्वार ही तांबडी वाइनही चांगली आहे, 14 ते 16 अंशांवर प्यावी. पण पिनो या खोऱ्यात बऱ्याच जणांची चांगली असते. फक्त तिच्यासाठी एवढी वळणं घेत यायचं कारण नाही.

घरच्यांसाठी मात्र न आंबवलेला द्राक्षरस घ्याच. गेव्हुर्त्सचा आणि पिनोचा, दोन्ही मिळतात, आणि वाइनचाच वास बिनअल्कोहोलचा मिळतो. आपलं खायचं थॉमसन द्राक्ष 16-18 ब्रिक्सला (रसात वजनाने साधारण तितके टक्के साखर) तोडतात, वाइनची द्राक्षं 22 च्या आसपास. म्हणजे 200 मिलीच्या पेल्यात सुमारे 45 ग्रॅम साखर! निम्मा रस, निम्मा गार सोडा हे प्रमाण बरोबर बसतं. मधुमेह असलेल्यांनी तेही जपून. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर तो स्वतःच आंबायला लागेल.

इथे व्हर्ज्यूही मिळतो, म्हणजे कच्च्या द्राक्षांचा आंबट रस. कोशिंबिरीत एक चमचा लिंबाच्या जागी दोन चमचे घाला. लिंबापेक्षा सौम्य आहे, काकडीची चव झाकत नाही.

दुकानांत हा माल फार दिसत नाही, विक्री मुख्यतः थेट. कुरिअरने मागवलंत तर घरी 21 वर्षांवरचं कोणीतरी सही करायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये मागवू नका, तापलेल्या ट्रकमध्ये दोन दिवस राहिली तर वाइन शिजते. भारतात नेताना मोठ्या माणसामागे दोन लिटर मद्य करमुक्त, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. रस त्यात मोजला जात नाही, पण तो चेक-इन सामानातच टाकावा लागतो.

क्लोव्हरडेलपासूनचा हायवे 128 भयंकर वळणांचा आहे. मागच्या सीटवरच्या मुलांना भरपेट नाश्ता देऊन निघू नका, आवळासुपारी हाताशी ठेवा. चालवणाऱ्याने घोट चाखून थुंकायच्या भांड्यात टाकावा, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. बाहेर बाकांवर डबा खाता येतो. हेंडी वूड्स या उद्यानातले रेडवूडचे उंच वृक्ष तिथून जवळच आहेत. ते परतीच्या वाटेवर न ठेवता आधी बघा, कारण दुपारनंतर झाडांखाली चांगलंच गारठतं.