विजया तेलाच्या नावाखाली आमचे ५६,७९९ रुपये गेले

राग अजून उतरलेला नाही आणि लाजही वाटते. तरी लिहिते, कारण ही टोळी दुखण्याने हैराण झालेली घरंच हेरते.

ह्यांना दोन वर्षांपूर्वी नागीण झाली. फोड गेले, पण उजव्या बरगडीची आग राहिली. सदऱ्याचं कापड लागलं तरी कळवळतात. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिन गोळीने गुंगी येते, एकदा न्हाणीघरात पडलेसुद्धा. अशात फेसबुकवर 'विजया तेल, डॉक्टरांचा सल्ला, घरपोच' अशी जाहिरात दिसली. विजया म्हणजे भांग, आयुर्वेदात तिचा वापर आहे, हे मला माहीत होतं. २०२० च्या डिसेंबरात गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीच्या प्रस्तावावरून केवढा गदारोळ झाला होता, तोही आठवत होता. काहीतरी सरळ वाट निघाली असेल असं वाटलं. रात्रभर माणूस कण्हताना ज्यांनी ऐकलाय, त्यांनीच मला नावं ठेवावीत.

सल्ल्याचे ४९९ भरले. 'डॉक्टर' चार मिनिटं बोलला. वय विचारलं नाही, चालू गोळ्या विचारल्या नाहीत. असा डॉक्टर भेटला तर तिथेच फोन ठेवा. चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांकही नव्हता. दोन बाटल्यांचे ६,८०० घेतले. मग म्हणाले, गोव्यात पाठवायला रुग्णाचं परमिट लागतं, ११,५०० भरा, नंतर परत मिळतील.

इथेच मला कळायला हवं होतं. बावीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात पावत्या फाडल्या. सरकारी फी कुणा माणसाच्या नावावर जात नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पैसे पाठवताना फोनवर एका बाईचं नाव आलं. मी ते वाचलं. बोट थांबलं. आणि आतून ह्यांचा आवाज आला, म्हणून मी बटण दाबलं. रोज तो क्षण डोळ्यांपुढे येतो.

रुग्णासाठी असं कुठलंही परमिट नसतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना नुसती पानं त्यात येत नाहीत. पानांपासून केलेलं परवानाधारक कंपनीचं औषध वैद्याच्या चिठ्ठीवर घेता येतं. बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि बॅच नंबर नसेल तर ती घेऊच नका. हे सगळं मला नंतर एका वैद्यांनी सांगितलं. आधी विचारायला मी लाजले.

पाचव्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. खाकी कपडे, मागे अशोकस्तंभ. 'तुमचं पार्सल गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पकडलंय, आत गांजा आहे, जामीन नाही. फोन बंद केलात तर तासाभरात गाडी दारात येईल.' डिजिटल अटक असली काही गोष्ट कायद्यात नाही, हे आता पाठ झालंय. तेव्हा हातपाय गळाले. ह्यांना या अवस्थेत कोठडीत नेतील, एवढंच डोक्यात होतं. आधी २०,००० पाठवले, मग १८,०००. पावसाआधी घराचे नळे बदलायला ठेवलेले पैसे.

संध्याकाळी भाच्याने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दिला. तुमच्यावर वेळ आली तर संध्याकाळची वाट पाहू नका, त्याच मिनिटाला लावा. चोराच्या खात्यात पैसे असतील तरच अडवता येतात. आमचे पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न काय? 'बाई, तुम्ही गांजा कशाला मागवला?' चार माणसांसमोर! मी चिठ्ठ्या दाखवल्या, गोळ्यांची पाकिटं दाखवली. कुणी हात लावला नाही. दोन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, हे आमच्याकडे नाही. बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. औषधांच्या कार्यालयात म्हणाले, बाटली आणा. बाटली आलीच नाही तर आणू कुठून? चोराने माझ्या भीतीवर पैसे काढले, आणि तीच भीती ठाण्यातल्या माणसाने पुन्हा घातली. म्हणूनच लोक तक्रार करत नाहीत. तुम्ही मात्र करा, आणि जाताना कुणाला तरी सोबत न्या. चॅट पुसू नका.

माझ्याकडे तिन्ही खात्यांचे यूपीआय आयडी आणि तक्रारीचा क्रमांक आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी ह्यांना सोबत घेऊन. सदरा काढून दाखवतो म्हणतात.