लुकअप स्वतः करायचा की @रिसोर्स लावायचं?

जावाच्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी देणारा ऑब्जेक्ट) किंवा क्यू (संदेशांची रांग) नावाने मिळवायची तर रस्ते दोन. इनिशियलकॉन्टेक्स्ट घेऊन लुकअप स्वतः करायचा, नाहीतर फील्डवर @रिसोर्स लावून काम कंटेनरवर, म्हणजे आपले क्लास चालवणाऱ्या सर्व्हरच्या भागावर, सोपवायचं. जेएनडीआयची, म्हणजे नावावरून वस्तू शोधून देणाऱ्या जावाच्या सोयीची, तोंडओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो.

आधी लुकअपची बाजू घेतो, कारण हल्ली त्याला फारसा वाली उरलेला नाही. तो कुठूनही करता येतो, अगदी स्टॅटिक मेथडमधूनसुद्धा. प्रत्येक ग्राहकाचा डेटाबेस वेगळा असेल आणि कुठला वापरायचा हे रिक्वेस्ट आल्यावर ठरत असेल, तर लुकअपच सोयीचा. मात्र बाहेरून आलेला मजकूर जसाच्या तसा त्या नावात जाऊ देऊ नका. डिसेंबर २०२१ मधला लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचा गोंधळ तिथूनच उद्भवला होता. शिवाय जकार्ता ईई ९ वर (जकार्ता ईई हे जावा ईईचं नवं नाव) जाताना @रिसोर्सचं पॅकेज बदलतं, लुकअपचं नाही, कारण ते जेडीकेमध्येच, म्हणजे जावाच्या मूळ संचातच, आहे.

माझं मन बदललं ते एका 'स'मुळे. महिनाअखेरचा अहवाल काढणाऱ्या क्लासमध्ये मी 'जेडीबीसी/रिपोर्ट' लिहिलं होतं, सर्व्हरवर नाव होतं 'जेडीबीसी/रिपोर्ट्स'. डिप्लॉय सुरळीत, लॉग स्वच्छ, तीन आठवडे कुणाची तक्रार नाही. ती ओळ महिन्यातून एकदाच चालायची, आणि चालली ती रात्री दोनला. त्यात लुकअप फसला की चेक्ड (हाताळावंच लागणारं) एक्सेप्शन येतं, म्हणून आमच्या हेल्परने ते गिळून नल परत दिला होता. त्यामुळे लॉगमध्ये दिसला तो भलत्याच क्लासमधला नलपॉइंटर. शोधलेलं नाव कुठेच नाही. हेल्पर मीच लिहिला होता, तेव्हा बोल कुणाला लावणार?

पुढे तीच चूक @रिसोर्समध्येही केली (सवय जात नाही). सर्व्हरने डिप्लॉयलाच नकार दिला आणि नाव सापडत नसल्याचं तोंडावर सांगितलं. सगळेच सर्व्हर इतके कडक नसतील. काही ठिकाणी तो कंपोनंट (कंटेनर स्वतः तयार करून सांभाळतो तो क्लास) पहिल्यांदा तयार होईपर्यंत चूक दडून राहू शकते. तरी नावाची चूक दिवसाउजेडी कळण्याची शक्यता इथे जास्त, एवढं मी अनुभवावरून म्हणेन.

दुसरा फरक थ्रेडमध्ये जाणवला. स्वतः सुरू केलेल्या थ्रेडमधून 'जावा:कॉम्प'खालचं नाव सापडेलच असं नाही, कारण ते नाव कंपोनंटच्या कॉन्टेक्स्टला बांधलेलं असतं. जावा ईई ७ पासूनचा मॅनेज्ड एक्झिक्युटर (सर्व्हरच्या ताब्यातले थ्रेड देणारी सोय) तो कॉन्टेक्स्ट सोबत नेतो. @रिसोर्सने इंजेक्ट केलेला, म्हणजे कंटेनरने फील्डमध्ये भरलेला, डेटासोर्स मात्र आधीच हातात असतो, शोधायची वेळच येत नाही.

@रिसोर्सचेही जाच आहेत. न्यू करून बनवलेल्या ऑब्जेक्टमध्ये फील्ड नलच राहतं. नवीन माणूस इथे हमखास अडकतो. नाव दिलं नाही तर ते क्लास आणि फील्डच्या नावावरून बनतं, म्हणजे क्लासचं नाव बदललं की सर्व्हरवरची जोडणी तुटली. म्हणून नाव नेहमी स्पष्ट लिहावं. 'नेम' दिलं तर ते कंपोनंटच्या स्वतःच्या एन्व्हखाली ('जावा:कॉम्प/एन्व्ह') जातं, 'लुकअप' दिलं तर त्या पूर्ण नावावर थेट शोध होतो. या दोघांची गल्लत मी स्वतः बऱ्याचदा केली आहे. आणि जकार्तावर जाताना जुना इम्पोर्ट राहिला तर सर्व्हर ब्र न काढता ते फील्ड नल ठेवतो. जुन्या पॅकेजची जार बिल्डमधून काढून टाका, मग जेडीके ११ किंवा पुढचं असेल तर कंपाइलरच अडवतो.

सध्या माझ्याकडे कंपोनंटमध्ये @रिसोर्स आहे आणि तिथून साध्या क्लासना डेटासोर्स कन्स्ट्रक्टरमधून मिळतो. लुकअप उरलाय तो ग्राहकवार डेटाबेस निवडणाऱ्या एकाच क्लासमध्ये. तिथला कॅच ब्लॉक आता नल देत नाही, शोधलेलं नाव घालून एक्सेप्शन पुढे फेकतो.